ओल्या लाकडावरचा फोम

[दृश्य : छताच्या वाशांमध्ये फवारणी, अगदी जवळून]

घर उबदार ठेवण्यासाठी छतात फवारतात तो हा फोम. फवारणीच्या बंदुकीतून निघताना हा पातळ द्रव आहे. आता फळीवर पाहा. फुगायला लागला. काही सेकंदांत वाशांमधली पोकळी भरली, बारीक फटीही बुजल्या. खुल्या पेशींचा फोम, म्हणजे ज्याचे बुडबुडे एकमेकांत उघडतात तो, मूळ द्रवाच्या सुमारे 100 पट फुगतो. बंद पेशींचा, म्हणजे ज्याचा प्रत्येक बुडबुडा बंद असतो तो, 30 ते 40 पट.

[दृश्य : दोन पिंपं, तापवलेल्या नळ्या]

सगळी करामत या दोन पिंपांची. एकात आयसोसायनेट. दुसऱ्यात पॉलिऑल आणि सोबत उत्प्रेरक, अग्निरोधक, फेस आणणारं द्रव्य. दोन्ही गरम नळ्यांमधून वेगवेगळी येतात आणि बंदुकीच्या तोंडाशीच एकत्र होतात, आकारमानाने एकास एक. आयसोसायनेट आणि पॉलिऑल जुळून फोमचं प्लास्टिक, म्हणजे पॉलियुरेथेन, बनतं. हे रसायन 1937 सालचं, जर्मनीत ओटो बायर यांनी शोधलेलं.

यातल्या आयसोसायनेटची पाण्याशी लगेच अभिक्रिया होते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. खुल्या पेशींचा फोम याच वायूवर फुगतो. त्यासाठी पॉलिऑलमध्ये पाणी मोजून घातलेलं असतं. घात करतं ते न मोजलेलं पाणी. ते पिंपात नसतं, लाकडात असतं.

[दृश्य : दोन फळ्या शेजारीशेजारी]

डावी फळी कोरडी. उजवी भिजवून वरवर पुसलेली. फवारणारा तोच, पिंपं तीच. डावीकडचा फोम ओढला तर फाटला, पण लाकडाला चिकटलेला भाग तसाच राहिला. उजवीकडचा मात्र अख्खा थर हातात आला. त्याची खालची बाजू पाहा. वेडीवाकडी मोठी भोकं, आणि नख लावलं की चुरा. पॉलिऑलच्या वाट्याचं आयसोसायनेट पाण्याने खाल्लं.

[दृश्य : ओलावा मोजणारा मीटर, दोन सुया लाकडात]

लाकूड जितकं ओलं तितकी वीज सहज वाहते, त्यावरून हा मीटर आकडा सांगतो. 19 टक्क्यांच्या वर असेल तर फवारू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. सुया टोचायला किती वेळ लागतो, तुम्ही पाहिलंतच. तरीही बऱ्याचदा मीटर पेटीतून बाहेरच येत नाही. यंत्र तापलेलं असतं, माणसं खोळंबलेली असतात, आणि हात लावून "कोरडंच आहे" म्हणणारा कुणीतरी असतोच.

[दृश्य : फोमच्या दोन लाद्या, वरून निळं पाणी]

खुल्या पेशींच्या लादीत निळा रंग आत उतरत चालला आहे. बंद पेशींच्या लादीवर थेंब तसाच बसून आहे. मग बंद पेशींचाच घ्यावा? वाफेपुरतं खरं आहे. त्याचा 5 सेंटीमीटरचा थर वाफ जवळजवळ अडवतो. खुल्या पेशींमधून ती आरपार जाते, थंड प्रदेशात छताच्या गार फळीवर तिचं पाणी होतं, म्हणून आतल्या बाजूने बाष्परोधक थर द्यावा लागतो. पण छत गळू लागलं की खुला फोम निदान खाली डाग दाखवतो. बंद फोम गळती लपवून ठेवतो.

[दृश्य : करवतीने कापलेला फोमचा चौकोन उचलताना. 6 सेकंद निवेदन नाही]

लाकूड कुजतं, बुरशी येते, आणि पाणी हवेच्या 20 पटींहून जास्त उष्णता वाहतं, त्यामुळे भिजलेला फोम घर उबदारही ठेवत नाही.

[दृश्य : उघडी फळी, पंखा, पुन्हा मीटर]

कुजलेल्या फळ्या बदलल्या, वरची गळती बंद केली. शेजारची टिकलेली फळी पंख्याखाली सुकते आहे. मीटर 24 दाखवतो. आज फवारणी होणार नाही.