कानांनी पाहायच्या गाड्या

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवरून गाडी दाखवता येत नाही. म्हणून आज मी ती ऐकवायचा प्रयत्न करणार आहे, शब्दांतून जमेल तेवढी. विषय आहे जुन्या अमेरिकी आलिशान गाड्यांचा: कॅडिलॅक, पॅकार्ड, लिंकन. त्यांच्या चित्रांवर, क्रोमवर, मागच्या पंखांवर लोक भरभरून बोलतात. त्यांच्या आवाजांवर फार कमी बोललं जातं, आणि माझं या गाड्यांवरचं प्रेम तर कानांतूनच सुरू झालं.

माझे आजोबा मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात फिटर होते. १९२८ साली सुरू झालेला तो कारखाना. परदेशातून लाकडी खोक्यांत सुटे भाग यायचे आणि शिवडीला त्यांच्या शेवरोले उभ्या राहायच्या. १९५४ मध्ये तो बंद झाला. मी पुढे बऱ्याच वर्षांनी जन्मलो, पण आजोबांची एक सवय मला पाहायला मिळाली. कुणाचीही गाडी कुरकुरली की ते लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे, टोक चालू इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायचे. मग डोळे मिटून उभे. मी काही विचारलं तर म्हणायचे, "आधी ऐक, मग पाना उचल."

नोकरीनिमित्त मी मिशिगनमध्ये आलो, डेट्रॉईटच्या जवळ, आणि इथेच राहिलो. शेजारी एक वयस्कर गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे १९५३ ची कॅडिलॅक आहे, फिकट निळी, चार दारांची. लांबी जवळपास साडेपाच मीटर. पहिल्यांदा त्यांनी मला बसायला बोलावलं, तेव्हा दार लागल्याचा आवाज मला अजून आठवतो. पत्र्यावर पत्रा आपटल्याचा तो आवाज नव्हता. धान्याचं पोतं मऊ जमिनीवर टेकवावं, तसा तो एकच 'ढब्' होता, आणि त्याच्या मागोमाग रस्ता गप्प झाला.

आम्ही निघालो आणि माझा कान जागा झाला. कॅडिलॅकमध्ये त्या काळी हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असायचा, १९४१ पासूनचा. त्याचे चार गिअर बदलताना प्रत्येक वेळी बारीकसा हिसका जाणवतो आणि इंजिनाचा सूर एक पायरी खाली येतो. या गाडीत तसं काही होईना. सिग्नलपासून वेग घेईपर्यंत एकच लांब सूर, कुठेही न तुटणारा. मी शेजाऱ्यांना म्हटलं, "हा हायड्रामॅटिक नाही." ते माझ्याकडे वळून पाहतच राहिले. मग हसले आणि म्हणाले, "बरोबर. ही आगीनंतरची गाडी आहे."

ती आग १२ ऑगस्ट १९५३ ची. डेट्रॉईटच्या पश्चिमेला लिव्होनियात हायड्रामॅटिकचा प्रचंड कारखाना होता, तो त्या दिवशी जळून गेला. गिअरबॉक्सवाचून गाड्या अडकल्या. तेव्हा जनरल मोटर्सने आपल्याच घरातल्या ब्यूक गाडीचा डायनाफ्लो गिअरबॉक्स कॅडिलॅकला जोडून काम चालू ठेवलं. डायनाफ्लो गिअर बदलतच नाही, सगळी ताकद तेलातून चाकांकडे वाहते. म्हणून तो सलग सूर. त्या वर्षीच्या अखेरच्या काही महिन्यांतल्या अनेक कॅडिलॅक अशा आहेत. जाणकार मंडळी त्या आवर्जून शोधतात. बाहेरून पाहिलं तर एकसारख्याच, पण ऐकलं की कळतं.

या गाडीची सगळ्यात लाडकी गोष्ट मात्र मागच्या बाजूला आहे. पेट्रोल भरायचं झाकण बाहेरून दिसतच नाही. पंपावरचा नवा मुलगा गाडीला दोन फेऱ्या घालतो आणि मालकाकडे पाहतो. मग शेजारी खाली उतरतात, डाव्या मागच्या दिव्याखालची लाल गोल काच अंगठ्याने दाबतात, आणि 'खट्' करून अख्खा दिवा वर उचलला जातो. झाकण त्याच्या पोटात. ही युक्ती कॅडिलॅकने १९४१ मध्ये आणली. पुढे १९४८ मध्ये त्या दिव्यांना पंख फुटले, तरी युक्ती तिथेच राहिली. पंखांची प्रेरणा विमानाची. हार्ली अर्ल हे जनरल मोटर्सच्या डिझाईन विभागाचे प्रमुख. दुसऱ्या महायुद्धातलं लॉकहीडचं पी-३८ हे दोन शेपट्यांचं लढाऊ विमान त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी जवळून पाहिलं होतं. सुरुवातीचा पंख अगदी लहान होता, मडगार्डची कड हलकेच उचलल्यासारखा. मला तोच आवडतो. सजावट करायची आणि तिच्या आत कामाची वस्तू ठेवायची, हे ज्याला सुचलं त्याला मी मनापासून दाद देतो.

आता थोडं मागे जाऊ. या सगळ्या आरामाची सुरुवात एका भीतीतून झाली. तुमच्यापैकी काहींनी जुन्या जीपला किंवा ट्रकला हँडल मारताना पाहिलं असेल. इंजिन उलटं फिरलं की ते हँडल फटका मारायचं आणि मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंग नावाचे इंजिनियर ओहायोतल्या डेटन गावी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत काम करत. दुकानातल्या गल्ल्याचा खण बटणासरशी उघडावा म्हणून त्यांनी एक लहान विजेची मोटर बनवली होती. तिथे त्यांना एक गोष्ट उमगली होती: मोटरीने तासन्‌तास राबायची गरज नाही, क्षणभर जोर लावला तरी पुरे. हाच विचार त्यांनी इंजिनाला लावला. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी तो उचलून धरला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला. आज आपण किल्ली फिरवतो किंवा बटण दाबतो, तेव्हा जो आवाज होतो त्याचं मूळ एका गल्ल्याच्या खणात आहे, हे मला फार सुंदर वाटतं.

मग कंपन्यांमध्ये शांततेचीच चढाओढ लागली. १९३० च्या जानेवारीत कॅडिलॅकने १६ सिलिंडरचं इंजिन आणलं, ७.४ लिटरचं. न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळून जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. तरी ते बनलं, आणि ११ वर्षांत अशा सुमारे चार हजार गाड्या विकल्या गेल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त पहिल्याच वर्षी. या इंजिनात व्हॉल्व्हची टकटक तेलाच्या दाबाने शोषून घेणारी व्यवस्था होती. बॉनेट उघडलं तर आत एकही लोंबती वायर दिसत नाही. मुलामा, काळा चकचकीत रंग आणि घासून लख्ख केलेला धातू. कपाटातली चांदीची भांडी लावावीत तसं ते इंजिन मांडलेलं आहे. आणि चालू असताना? मी एकदा एका प्रदर्शनात त्याच्या शेजारी उभा होतो. इंजिन बंद आहे असं समजून मी बॉनेटवर हात ठेवला, तेव्हा ते तळहाताला कळलं.

इथे आपल्याशी नातं सांगणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेतली त्या काळातली सगळ्यात जबरदस्त गाडी ड्यूसेनबर्ग. १९२८ च्या अखेरीस तिचं जे मॉडेल आलं तेव्हा तिची ताकद २६५ अश्वशक्ती सांगितली जायची, आणि बॉडीशिवायच्या नुसत्या सांगाड्याची किंमत होती ८,५०० डॉलर. तिच्या डॅशबोर्डवर ऑइल बदलायची वेळ झाली की दिवा लागायचा, बॅटरीत पाणी घालायची वेळ झाली की दुसरा. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी याच ड्यूसेनबर्गचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, लावलेला सांगाडा घेतला, लंडनच्या गर्नी नटिंगकडून त्यावर बॉडी बांधून घेतली आणि भगव्या-काळ्या रंगात ती रंगवून घेतली. एवढी लांबलचक गाडी, आणि आत आसनं दोनच. अमेरिकेतले जाणकार आजही 'होळकर' हे नाव आदराने घेतात, आपल्याला ऐकताना जरा वेळ लागतो इतक्या वेगळ्या उच्चारात.

पॅकार्डबद्दल एकच सांगतो. १९४० मध्ये पॅकार्डने गाडीत एअर कंडिशनर दिला, कारखान्यातून बसवून मिळणारा असा पहिलाच. पण थंडी जास्त झाली तर कॉम्प्रेसर आतून बंद करता यायचा नाही. गाडी थांबवा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढून ठेवा. माझ्या शेजाऱ्यांच्या १९५३ च्या गाडीत ती गोष्ट पुष्कळ सुधारली होती. थंड हवेचं यंत्र डिकीत बसवलंय. तिथून मागच्या काचेच्या दोन्ही कडांनी पारदर्शक नळ्या छताकडे गेल्या आहेत आणि हवा डोक्यावरून येते. मागच्या सीटवर बसलात तर कानाशी एक हलकी सळसळ सतत चालू असते. शिवाय डॅशबोर्डवर डाव्या कोपऱ्यात एक डोळा आहे. समोरून गाडी आली की तो तिचा उजेड पाहतो आणि आपले हेडलाईट आपोआप डिपरवर घेतो. १९५२ पासून मिळणारी ही सोय. रात्री घाटातून येताना ज्यांच्या डोळ्यांवर समोरच्या अप्परचा झोत आलेला आहे, त्यांना तिचं मोल वेगळं सांगायला नको.

पंख पुढे वाढत वाढत १९५९ मध्ये कळसाला गेले. उंच, धारदार पंख आणि प्रत्येकाच्या पोटातून बाहेर आलेले बंदुकीच्या गोळीसारखे दोन-दोन दिवे. चित्रांत, पोस्टरवर सगळीकडे तीच कॅडिलॅक. तिच्या धाडसाला माझा नमस्कार आहे. पण माझं मन दोन वर्षांनी आलेल्या गाडीवर जडलं, ती म्हणजे १९६१ ची लिंकन कॉन्टिनेंटल.

एल्वूड एंगेल यांनी ती रेखाटली. आदल्या वर्षीच्या लिंकनपेक्षा ती सुमारे ३७ सेंटीमीटर आखूड केली. बाजू सपाट, पंख नाहीत. वरच्या कडेवरून पुढच्या दिव्यापासून मागच्यापर्यंत गेलेली क्रोमची एकच सरळ रेघ. पैठणीला जसा काठ, तसा त्या गाडीला तो काठ आहे. मागची दारं उलट्या बाजूला उघडतात. लोकांना वाटतं ही निव्वळ ऐट. पण गाडी आखूड केल्यावर नमुन्यात मागे बसून पाहिलं, तर उतरताना पाय दाराला अडकायला लागले. म्हणून बिजागरी मागे नेली. दार नीट लागलं नसेल तर चालकासमोर दिवा लागतो. इंजिन कारखान्यात तीन तास जोरात चालवून, खोलून, तपासून पुन्हा जोडायचे. प्रत्येक गाडी १२ मैल रस्त्यावर फिरवून आणायचे. तेव्हा कुठे दोन वर्षांची किंवा २४,००० मैलांची हमी मिळायची, त्या काळी अमेरिकेत न ऐकलेली. याच गाडीवरून बनवलेली राष्ट्राध्यक्ष केनेडींची गाडी इथून जवळ, डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. तिच्यासमोर लोक हळू आवाजात बोलतात.

मिशिगनमध्ये हिकरी कॉर्नर्स नावाच्या गावी गिलमोर संग्रहालय आहे. जुन्या कोठारांच्या इमारती, भोवती शेतं. उन्हाळ्यात तिथे या गाड्यांचे मेळावे भरतात. तिथे मी चार दारांच्या ओपन कॉन्टिनेंटलचं टप उघडताना ऐकलं. मालकाने बटण दाबलं. आधी रिलेची टिकटिक, मग पंपाची गुणगुण. डिकीचं लांबरुंद झाकण मागच्या कडेवर उभं राहिलं. टप स्वतःहून सुटलं, वर आलं, घडी होत मागे गेलं आणि पोटात शिरलं. झाकण सावकाश मिटलं. शेवटी आतून पेच आवळले गेल्याची घरघर, आणि थांबलं. कुठे फट नाही, काही बाहेर राहिलं नाही. भोवती पंधरा-वीस माणसं होती. तोवर कार्ब्युरेटरवर जोरजोरात बोलणं चाललं होतं, ते त्या मिनिटभरात बंद पडलं. एका बाईंनी मुलाला उचलून धरलं होतं, त्याने परत बटण दाबायला सांगितलं. मालकाने परत दाबलं.

गेल्या महिन्यात शेजाऱ्यांनी मला हाक मारली. गाडीचं घड्याळ बंद पडलं होतं. या गाड्यांच्या घड्याळात स्प्रिंग असते, आणि दर एक-दोन मिनिटांनी बॅटरी तिला 'टक्' करून पुन्हा ताण देते. घड्याळातले पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे धातूचे ठिपके, कालांतराने जळतात. आम्ही घड्याळ काढलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बारीक पॉलिश पेपरने पॉइंट घासले, सुईच्या टोकाने तेलाचा एकेक थेंब दिला. परत बसवून आम्ही दोघं पुढच्या सीटवर बसलो. त्यांनी रेडिओ लावला. तो व्हॉल्व्हचा, तापायला वेळ घेतो. आधी बारीक गुणगुण, मग दुरून आल्यासारखा कुणाचा तरी आवाज. त्यांनी वरची पट्टी दाबली तशी काटा आपण होऊन सरकत गेला आणि पुढचं स्टेशन सापडल्यावर थांबला. मग त्यांनी रेडिओ बंद केला आणि आम्ही घड्याळाची वाट पाहत बसलो. बराच वेळ काही नाही. शेजारी काही बोलायला गेले, मी हात वर केला.

टक्.