हजार किलोमीटर जायचं, ४०२ मीटर पळायचं

(दृश्य: सातारा एमआयडीसी, रात्र. गॅरेजचं शटर अर्धं वर. आत पांढरी फोक्सवॅगन पोलो, मागची सीट आडवी पाडलेली. फरशीवर सगळं सामान मांडून ठेवलेलं.)

ड्रॅग शर्यत म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ रेषेत पळायचं. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. बरी ट्यून केलेली छोटी टर्बो गाडी ते चौदा-सोळा सेकंदांत संपवते. त्यासाठी साताऱ्याहून चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईला जायचं, तर एका बाजूचा रस्ताच हजार किलोमीटरच्या वर. सोय एवढीच, की रस्ता बदलावा लागत नाही. साताऱ्याबाहेरचं शेंद्रे मागे पडलं की राष्ट्रीय महामार्ग ४८ कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बेंगळुरू, कृष्णगिरी, वेल्लोर करत थेट तिथल्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटजवळ नेऊन सोडतो.

लोणावळ्यापुढच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही ड्रॅगच्या शर्यती झाल्या आहेत. तेवढ्या अंतराला गाडी फ्लॅटबेड ट्रकवर घालून नेता येते. चेन्नईपर्यंत फ्लॅटबेड ज्यांना परवडतो, त्यांच्यासाठी हा व्हिडिओ नाही. जी गाडी पळवायची, तीच चालवत न्यायची आणि तीच चालवत घरी आणायची, अशांसाठी आहे.

अमेरिकेत २००५ पासून ‘ड्रॅग वीक’ भरतो. पाच दिवस, रोज पळायचं, एका ट्रॅकवरून दुसऱ्या ट्रॅकवर त्याच गाडीने रस्त्याने जायचं, आणि मदतीला दुसरी गाडी चालत नाही. तिथले लोक गाडीमागे छोटा ट्रेलर जोडतात आणि रेसचे टायर, जॅक, हत्यारं त्यात भरतात. आपल्याकडे ट्रेलरच्या जागी २८० लिटरची डिकी आहे.

(दृश्य: फरशीवर दोन चाकं. कॅमेरा टायरच्या भिंतीवरची अक्षरं वाचतो.)

गाडीला रस्त्याचे टायर चारही तसेच राहतात. पोलो पुढच्या चाकांवर ओढते, म्हणून रेसची चाकं दोनच लागतात. चार नेली तर दोन उगाच ओझं.

रस्त्याचं माप १९५/५५ आर १६. बाहेरचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर. रेससाठी १५ इंची रिम आणि २०५/५० आर १५ सेमी-स्लिक, म्हणजे कमी नक्षीचा मऊ टायर. व्यास ५८६. चाक लहान झालं की गिअरिंग आखूड होतं, गाडी जागेवरून झटकन सुटते. मात्र प्रत्येक गिअर सहा टक्के लवकर संपतो, आणि शेवटच्या पन्नास मीटरमध्ये एक जादा गिअर टाकायची वेळ आली तर सुरुवातीला कमावलेलं तिथे जातं. हा हिशेब घरी, कागदावर करायचा. स्पीडोमीटरही तेवढंच जास्त दाखवतो.

टोयो आर८८८आर या टायरचा ट्रेडवेअर आकडा १०० आहे. हा आकडा जितका कमी, तितका टायर लवकर झिजतो. साध्या रस्त्याच्या टायरचा तीनशे-चारशे असतो. मऊ रबर ट्रॅक धरतं आणि महामार्गावर झिजतं. नक्षी उथळ, पावसाचं पाणी कापत नाही. शिवाय हे रबर जितक्या वेळा तापून गार होईल तितकं कडक होत जातं. हजार किलोमीटर त्याच टायरवर गेलात, तर जे विकत घेतलं ते तुमकूरपर्यंतच संपवलंत. पूर्ण गुळगुळीत स्लिकचा तर प्रश्नच नाही, कारण मोटारीला रस्त्यावर किमान १.६ मिलिमीटर नक्षी कायद्यानेच लागते.

टायरच्या भिंतीवर चार आकडे बघा. २३२३ म्हणजे २०२३ सालचा तेविसावा आठवडा. सेकंडहँड सेमी-स्लिक घेताना नक्षीच्या आधी हे वाचायचं. नक्षी भरपूर आणि रबर लाकडासारखं, असे टायर बाजारात पुष्कळ आहेत.

खडूने लिहिलेलं दिसतंय: ‘डावा’, ‘उजवा’. या टायरला फिरण्याची दिशा असते, बाण छापलेला असतो. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी तयार करायच्या जागी, घाईत चाक उलट बसतं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

(दृश्य: तळहातावर दोन बोल्ट शेजारी शेजारी. अगदी जवळून. हा शॉट लांब ठेवला आहे.)

हे दोन बोल्ट नीट बघा. दोन्ही एम१४, दोन्हीचा आटा दीड मिलिमीटरचा, दोन्हीला १७ नंबरचा पाना. दोन्ही हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, सारखेच जातात. फरक डोक्याखाली आहे. डावीकडचा तिथे चेंडूसारखा गोल, तो फोक्सवॅगनच्या मूळ रिमचा. उजवीकडचा ६० अंशांत निमुळता, तो बाहेरून घेतलेल्या बहुतेक ॲलॉयचा.

गोल बोल्ट रिमच्या निमुळत्या खड्ड्यात घातला तर तो पूर्ण बसत नाही, एका बारीक कडेवर टेकतो. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला क्लिक होणारा पाना, तरीही १२० न्यूटन-मीटरला क्लिक करतो. सगळं ठीक वाटतं. मग दोन-चार जोरदार लाँच, म्हणजे जागेवरून सुटणं, झाले की कड दबते आणि बोल्ट ढिला होतो. उलटंही तितकंच वाईट.

म्हणून दोन पिशव्या. लाल पिशवीत दहा निमुळते बोल्ट, रेसच्या दोन चाकांसाठी. निळी पिशवी जाताना रिकामी. मूळ बोल्ट गाडीला लागलेले असतात, ट्रॅकवर काढले की त्यात जातात. आणि स्टेपनी विसरू नका. स्टेपनीची लोखंडी रिम मूळची आहे, तिला गोल बोल्टच लागतात. ज्यांनी रस्त्यासाठीही बाहेरची ॲलॉय लावली आहेत, त्यांनी पाच गोल बोल्ट डिकीत स्टेपनी ठेवायच्या खड्ड्यातच टाकून ठेवावेत. नाहीतर रात्री दोन वाजता दावणगेरेच्या अलीकडे स्टेपनी आहे, पाना आहे, आणि बोल्ट चुकीचे आहेत.

लांबीही तपासायची. बोल्ट हाताने फिरवत फेरे मोजा. या आट्याला किमान सात-आठ पूर्ण फेरे आत गेले पाहिजेत. त्याहून कमी, तर बोल्ट आखूड. फार लांब असेल तर मागे ब्रेकच्या भागांना घासतो. चाक बसवल्यावर हाताने पूर्ण फिरवा, १५ इंची रिम ब्रेकच्या कॅलिपरला कुठे टेकते का बघा. हब आणि रिममधली फट भरणारी हब रिंग नसेल तर रिम मध्यावर बसत नाही आणि शंभरच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मूळ हबचा व्यास ५७.१ मिलिमीटर आहे, रिंग त्या मापाची घ्या.

हे सगळं साताऱ्यात करायचं. चाकं एकदा इथेच चढवायची, गल्लीत चक्कर मारायची, उतरवायची, मग गाडीत भरायची.

(दृश्य: सामान भरणं. वेगवान केलेला शॉट, अधूनमधून मूळ वेगात.)

भरण्याचा क्रम वापराच्या उलटा. चाकं सगळ्यात आत, पुढच्या सीटच्या पाठीला टेकून, आडवी, एकावर एक, मध्ये जुनं कार्पेट. एक चाक सतरा-अठरा किलोचं. दोन्हींच्या रिममधून रॅचेटचा पट्टा ओवून तो आयसोफिक्सच्या, म्हणजे लहान मुलांची सीट अडकवायच्या, कड्यांना ताणून बांधला आहे. प्लास्टिकच्या ट्रिमला किंवा सीटच्या हँडलला बांधलेला पट्टा म्हणजे न बांधल्यातच जमा. धडक बसली तर तेच चाक ड्रायव्हरच्या पाठीत येतं.

टायरवर काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या आहेत, ऊन आणि धूळ लागू नये म्हणून. उष्णता त्याने थांबत नाही. जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा.

छपरावरच्या कॅरिअरवर चाकं नेलेली दिसतात. छत्तीस किलो छपरावर गेले की वळणावर गाडी डोलते, आणि हॅचबॅकच्या छपराची वजन सोसायची मर्यादाही मॅन्युअलमध्ये वाचूनच घ्यावी लागते.

मग मधल्या थरात हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बूट, अग्निशामक, ताडपत्री, पाण्याचा कॅन. दाराच्या तोंडाशी कमी उंचीचा दोन टनी ट्रॉली जॅक, दोन लोखंडी घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), फूटभर लांबी-रुंदीचे जाड प्लायचे दोन तुकडे. चेन्नईच्या उन्हात डांबर मऊ होतं, घोडीचे पाय त्यात रुततात. प्लाय त्यासाठी.

हत्यारांची पेटी मुद्दाम लहान आहे. टॉर्क रेंच, १७ चा सॉकेट, तारेचा ब्रश, चाक टांगायची गाइड पिन, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, पंक्चर किट, फ्यूज, स्पार्क प्लगचा एक संच, इन्शुलेशन टेप, झिप टाय. गाइड पिन लहान दिसते म्हणून राहून जाते. या गाड्यांच्या हबला बाहेर आलेले स्टड नसतात, चाक हाताने तोलत पहिला बोल्ट लावावा लागतो. पिन असली की चाक तिच्यावर टांगतं आणि एकट्याने काम होतं.

आणि हवेचे दोन गेज. एक नेहमीचा, साठ पीएसआयपर्यंतचा. दुसरा फक्त तीसपर्यंतचा, हवा सोडायच्या बटणाचा. रेसच्या टायरमध्ये अठरा-वीस पीएसआय असते, एक पीएसआयने फरक पडतो, आणि पेट्रोल पंपावरचा गेज तेवढं बारीक दाखवत नाही.

कॅन भरून पेट्रोल न्यायचं नाही. गाडी जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर ट्यून केली असेल तर ते मोठ्या शहरांतल्या ठराविक पंपांवरच मिळतं. कुठल्या पंपावर, ते निघण्याआधी फोन करून विचारा.

(दृश्य: पहाट. महामार्ग. उसाचे ट्रॅक्टर, वळवलेला रस्ता, काच पुसणारे वायपर.)

मागे एवढं वजन आहे, म्हणून दाराच्या पट्टीवर पूर्ण भारासाठी लिहिलेली हवा भरायची, तीही टायर गार असताना. चालून तापल्यावर आकडा तीन-चार पीएसआय वर जातो. तो बघून हवा सोडणारे लोक सकाळी कमी हवेवर निघतात.

सातारा ते कागल रुंदीकरणाचा पट्टा, वळवलेले रस्ते, खडी. हंगामात कराड ते कोल्हापूर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही. हा भाग उजेडात काढावा. स्टेपनी काढून तिच्या जागी सामान ठेवायचा मोह होतो. टायरची भिंत फाटली तर पंक्चर किटचा काही उपयोग नाही, त्यामुळे स्टेपनी ट्रॅकपर्यंत जागेवरच.

(दृश्य: पिट. ताडपत्रीवर सामान. जॅक, घोडी, गाइड पिन, चाक. सलग शॉट.)

पोहोचल्यावर आधी गाडी रिकामी. स्क्रुटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, बॅटरी घट्ट आहे का, तेल गळतं का, केबिनमध्ये काही सुटं आहे का, हे बघतात. पायाखालची मॅटसुद्धा काढा. स्टेपनी आता काढली तरी चालेल.

हब गार होऊ द्या. गंज ब्रशने साफ करा. बोल्टला तेल-ग्रीस लावू नका. ओल्या आट्यावर त्याच १२० न्यूटन-मीटरला बोल्ट नको तितका ताणला जातो. आधी पाचही हाताने, मग चांदणीच्या क्रमाने, चाक जमिनीला टेकल्यावर शेवटचा टॉर्क.

आता हवा. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७४० मीटर उंच, हा ट्रॅक जवळपास समुद्रसपाटीला. बाहेरच्या हवेचा दाब खाली जास्त, त्यामुळे साताऱ्यात भरलेल्या टायरचा गेज इथे सुमारे एक पीएसआय कमी दाखवतो. पण इथे दहा अंश जास्त उकडत असेल, तर उष्णतेने तोच एक पीएसआय परत येतो. गेज १८ दाखवतो आणि वाटतं, काहीच बदललं नाही. संध्याकाळी गार झालं की आकडा खाली सरकतो. म्हणून प्रत्येक वेळी पळण्याआधी गेज लावायचा.

पुढे वीसपासून सुरुवात. मागे चाळीसच्या आसपास, पण टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आतच. मागची चाकं फक्त गडगडायची आहेत, टणक असली की अडवत नाहीत आणि लाँचला गाडी मागे कमी बसते.

(दृश्य: पुढच्या टायरवर पांढऱ्या बूट पॉलिशची आडवी रेघ.)

या रेघेत सगळं दिसतं. एकदा पळल्यावर रेघ मधेच पुसली, कडांना राहिली, तर हवा जास्त. कडांना पुसली, मधे राहिली, तर कमी. एकेक पीएसआय बदला. आपल्याकडे पळायला बहुधा सर्किटचा सरळ भाग किंवा धावपट्टी मिळते, अमेरिकेसारखा गोंद फवारलेला ट्रॅक नाही. तिथल्या व्हिडिओंमधले आकडे इथे जसेच्या तसे लावू नका.

लाइनवर येण्याआधी हँडब्रेक ओढून पुढची चाकं दोन-तीन सेकंद फिरवा, खडे आणि धूळ उडेपर्यंत. धुराचे ढग फोटोसाठी असतात. टाइम स्लिपवर, म्हणजे वेळ छापलेल्या कागदावर, आधी पहिल्या ६० फुटांचा, म्हणजे १८.३ मीटरचा आकडा वाचा. टायर आणि हवेचं काम त्याच आकड्यात कळतं.

पळताना काही मोडलं तर सर्वसाधारण मोटार विमा शर्यतीची भरपाई देत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. चाकं परत बदलताना. निळी पिशवी.)

परतीला सगळं उलट क्रमाने, आणि घाईत चुका होतात त्या इथेच. निमुळते बोल्ट मोजून लाल पिशवीत. दहा भरले पाहिजेत; नऊ भरले तर दहावा गाडीच्या मूळ रिमला लागला आहे. मागच्या चाकांची हवा चाळीसवरून पट्टीवरच्या आकड्यावर आणा, नाहीतर पहिल्याच पावसात मागचा भाग घसरेल. स्टेपनी जागेवर. रेसची चाकं पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत.

मग निघाल्यावर पन्नास ते ऐंशी किलोमीटरवर, वालाजापेटच्या आसपास, गाडी सपाट जागी बाजूला घ्यायची आणि पुढच्या दहाही बोल्टना पुन्हा टॉर्क रेंच लावायचा. रेंच लगेच क्लिक झाला तर पुढे. एखादा बोल्ट क्लिकच्या आधी पाव फेरा फिरला, तर चाक उतरवून त्याचं बूड आणि रिमचा खड्डा बघितल्याशिवाय निघायचं नाही.