ट्रंकेतली नवी मुंबई

(दृश्य: वाशीचा खाडीपूल, त्यावरून जाणारी वाहनं. मग कोळीवाड्यातली गल्ली, उघडं दार.)

वाशीचा खाडीपूल वाहतुकीला खुला झाला १९७३ साली. लोकल वाशीत आली मे १९९२ मध्ये. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १७ मार्च १९७० ची. या तारखा कुठेही सापडतात. शहराचे आराखडे, नकाशे, ठराव सरकारी दप्तरांत आहेत. पण आज जिथे सेक्टर आहे तिथे कुणाचं भाताचं खाचर होतं, मिठागरात कोण राबायचं, खारं पाणी अडवणारा बांध कुठून कुठे जायचा, हे पाहायचं तर घणसोली, दिवाळे, करावे, सारसोळे या इथल्या मूळ गावांतल्या घरांमधल्या पत्र्याच्या ट्रंका उघडाव्या लागतील.

(दृश्य: ट्रंकेतून निघणारे कागद. घड्या पडलेला सातबारा.)

नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन ठरवली गेली. जमीन घ्यायची ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. त्यातल्या कलम ९ ची नोटीस म्हणजे ज्यांचा जमिनीत हितसंबंध आहे त्यांनी यावं आणि आपलं म्हणणं मांडावं, असा सांगावा. त्यानंतर निवाडा. सर्व्हे नंबर, क्षेत्र, मोबदला, नाव. घरच्यांना हा कागद कोर्टकचेरीपुरता वाटतो. मला तो या शहराचा जन्मदाखला वाटतो, आणि तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात, जुने कागद जपणाऱ्या अभिलेखागारात असायला हवा.

जानेवारी १९८४ चंही तेच. १६ आणि १७ तारखेला उरण तालुक्यात शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनी गेलेले शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देणाऱ्या योजनेमागे हे रक्त आहे. त्या दिवसांचं एखादं पत्रक, वर्तमानपत्राचं कात्रण, मोर्चातला फोटो तुमच्या घरी असेल, तर त्याची जागा देव्हाऱ्याच्या बरोबरीची.

(दृश्य: फ्रेमच्या काचेला चिकटलेला कृष्णधवल फोटो. जवळून.)

खाडीकाठची हवा मात्र थांबत नाही. पावसाळ्यात फोटोवरचा थर ओल धरतो, फुगतो, काचेला चिकटतो. ओढला की चेहराच निघून येतो. असा फोटो घरी सोडवू नका, फ्रेमसकट जाणकाराकडे न्या. चिकट पानांचे अल्बम दिसायला छान, पण त्यांचा गोंद फोटोत उतरतो. सातबारा फाटला म्हणून सेलोटेप लावली, तर काही वर्षांनी टेप गळून पडते आणि पिवळा डाग कायमचा राहतो. आणि लॅमिनेशन! मायेपोटी केलेलं असतं, पण उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा सुखरूप काढता येत नाही.

(दृश्य: आम्लमुक्त कागदाची पाकिटं, सपाट खोके, स्कॅनर.)

अभिलेखागाराचं काम संथ असतं. आलेला गठ्ठा आधी दाखल नोंदवहीत चढतो: कुणाकडून आला, कधी आला. एका घराचे कागद एकत्र राहतात, शक्यतो त्याच क्रमाने. विषयवार वाटून टाकले तर नोटीस एका खोक्यात, त्याच शेताच्या बांधावर उभ्या आजीचा फोटो दुसऱ्यात, आणि दोघांचं नातं पुसलं जातं. मग कोरड्या मऊ ब्रशने धूळ, गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने बाहेर, पिनच्या जागी कागदाची घडी. स्कॅन दोन्ही बाजूंचं, कारण मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी तारीख, कधी नुसतं ‘मोठी वहिनी’.

(दृश्य: आजोबा फोटोवर बोट ठेवून नावं सांगतात.)

सगळ्यात निकडीचं आहे ते नावांचं. कागदावर नाव छापलेलं असतं, फोटोवर नसतं. मिठागरात उभ्या सात बायकांपैकी डोक्यावर पाटी घेतलेली कोण, हे सांगणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. कागदाला खोका मिळेपर्यंत थोडी सवड आहे, या माणसांकडे ती नाही.

ठाण्यात १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं, तेव्हा त्याचे संस्थापक विनायक लक्ष्मण भावे जेमतेम एकवीस वर्षांचे होते. पुढे जुन्या हस्तलिखितांचा शोध हा त्यांचा ध्यास झाला. नवी मुंबईच्या कॉलेजांतून आज याच वयाची हजारो मुलं शिकतात. त्यातली कितीतरी याच गावांतली आहेत.

तर सुरुवात घरातून करा. आजीजवळ बसा, फोटो समोर ठेवा, मोबाइलवर तिचा आवाज टिपा. कोण, कुठे, कोणत्या सणाला किंवा कामाला, शेताला काय नाव होतं, मागे दिसतं ते कुणाचं घर. फोटोच्या मागे लिहायचं तर कडेला, मऊ पेन्सिलने, दाब न देता. बॉलपेनने कधीच नाही. ग्रंथालयाला मूळ वस्तू द्यायची नसेल तर स्कॅन देता येतं का ते विचारा. आणि देण्याआधी अटी लेखी ठरवा: कोण पाहू शकेल, कुठे छापता येईल, नाव कुणाचं लागेल.