छोट्या एसयूव्ही : खरी स्पर्धा कुणाची कुणाशी?

(नाशिकमधल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. सुरुवात आपल्याच गावात तयार होणाऱ्या दोन गाड्यांपासून करतो. महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यातून तीन दारांची थार बाहेर पडते आणि एक्सयूव्ही थ्री एक्स ओसुद्धा. थारची लांबी ३९८५ मिलिमीटर, थ्री एक्स ओची ३९९०. फरक फक्त पाच मिलिमीटरचा. दोन्हींत दीड लिटरचं डिझेल इंजिन मिळतं आणि सरकारी व्याख्येत दोन्ही चार मीटरच्या आत बसतात. तरी ज्याच्या मनात थार भरली आहे त्याला 'त्यापेक्षा थ्री एक्स ओ बघ' असं कुणी सांगत नाही. आणि ज्याच्या घरी गुडघे दुखणारी आजी मागच्या सीटवर बसणार आहे, तो थारच्या वाटेला जात नाही, कारण तिथे पुढची सीट वाकवून मागे चढावं लागतं.

म्हणजे लांबी सारखी, कारखाना सारखा, आणि स्पर्धा जवळजवळ शून्य. आज मला एवढंच सांगायचं आहे की शोरूममध्ये आणि जाहिरातीत ज्या गाड्या एकमेकींसमोर उभ्या केल्या जातात, त्या तुमच्यासाठी स्पर्धक असतीलच असं नाही. मध्यमवर्गीय माणसाची घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी ही असते. पाच-सात वर्षं हप्ते भरायचे असतात. तुलनाच चुकीच्या गाड्यांची केली तर त्या तुलनेतून आलेलं उत्तर कितीही अचूक असलं तरी कामाचं नाही, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

स्पर्धक म्हणजे कोण, याचं मला पटलेलं उत्तर आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात आहे. बाजारपेठ कशी ठरवायची, तर गुणधर्म, किंमत आणि वापराचा हेतू या तिन्ही बाबतींत ग्राहक ज्या वस्तूंना एकमेकींच्या जागी चालवून घेतो, त्या एका बाजारातल्या. या कसोटीत निर्णय ग्राहकावर सोपवला आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.  घरी हाच प्रश्न असा विचारा : मनातली गाडी उद्या एक लाखाने महागली, तर मी कुठल्या गाडीकडे वळेन? जी गाडी डोळ्यांसमोर येईल ती खरी स्पर्धक. ती तुमच्या यादीत नसेल तर यादी दुरुस्त करा.

आता ही चार मीटरची रेघ आली कुठून? २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. अट होती लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत. नंतर करपद्धती बदलली, जीएसटी आला, पण रेघ तिथेच राहिली. फोर्डच्या इकोस्पोर्टपासून टाटाच्या नेक्सॉनपर्यंत बहुतेक छोट्या एसयूव्ही या रेघेला टेकून काढलेल्या आहेत. नेक्सॉन, मारुतीच्या ब्रेझा आणि फ्रॉन्क्स, स्कोडाची कायलॅक, सगळ्या ३९९५ मिलिमीटर. ग्राहकांनी अशी लांबी कधी मागितली नव्हती, ती करातून आली. म्हणून लांबीवरून केलेला गट हा करदात्यांचा गट असतो, प्रवाशांचा नव्हे.

करदात्यांचा म्हणून तरी तो खरा आहे का? इथे जरा सावकाश जाऊ, कारण शोरूममध्ये हे सहसा कुणी समजावून सांगत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. लहान ठरायला लांबी आणि इंजिन, दोन्ही अटी पाळाव्या लागतात. ब्रेझाची लांबी बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं आहे, म्हणून तिला ४० टक्के. स्कोडाच्या कुशाकचं छोटं इंजिन ९९९ सीसीचं आहे, ते बसतं, पण गाडी सव्वाचार मीटरची, म्हणून तिलाही ४० टक्के. त्याच कंपनीची, त्याच चाकणच्या कारखान्यातली, तेच ९९९ सीसीचं इंजिन घेतलेली कायलॅक मात्र १८ टक्क्यांत.

याचा खिशावरचा अर्थ असा. एक्स-शोरूम दहा लाखांच्या नेक्सॉनमध्ये कर वजा जाता सुमारे ८ लाख ४७ हजार उरतात. दहा लाखांच्या ब्रेझामध्ये उरतात ७ लाख १४ हजार. विक्रेत्याचा वाटाही यातच आला, पण तुलनेसाठी हे पुरे. समोरासमोर उभ्या असलेल्या, सारख्या किमतीच्या दोन गाड्यांत एक लाख तेहतीस हजारांचा फरक गाडीच्या बाहेर, करात आहे. जुन्या दरांनी, २९ आणि ४५ टक्क्यांनी, हाच फरक ८५ हजारांच्या आसपास होता. माझ्या मते गेल्या काही वर्षांत या गटात झालेला हा सर्वांत मोठा बदल आहे. नवं फेसलिफ्ट, मोठा स्क्रीन, सनरूफ यांच्यापेक्षा मोठा. कराच्या बाजूने पाहिलं तर ब्रेझा आज ह्युंदाईच्या मोठ्या क्रेटाच्या पंगतीला बसलेली आहे.

आता गाडीच्या आत जाऊ. थ्री एक्स ओ ही मुळात एक्सयूव्ही ३००, आणि ती सांगयाँग या कोरियन कंपनीच्या टिवोली या सुमारे ४.२ मीटरच्या गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली. चार मीटरच्या आत आणताना मागचा भाग आखडला, दोन चाकांमधलं अंतर २६०० मिलिमीटर तसंच ठेवलं. क्रेटाचं हे अंतर आहे २६१०. क्रेटा एकूण ४३३० मिलिमीटर लांब, म्हणजे तब्बल ३४० ने मोठी, पण चाकांमधला फरक फक्त दहाचा. रुंदीत तर थ्री एक्स ओ १८२१ आणि नेक्सॉन १८०४, तर क्रेटा १७९०. मागे तिघं बसणार असतील आणि सामान बेताचं असेल, तर थ्री एक्स ओ खरोखर क्रेटाशी भिडते, आणि करामुळे स्वस्तात भिडते. चार माणसांच्या बॅगा घेऊन कोकणात उतरायचं असेल तर ती स्पर्धा संपली, क्रेटाची ४३३ लिटरची डिकी जिंकली. तीच गाडी, तेच कुटुंब; फक्त वापर बदलला की स्पर्धक बदलतो.

फ्रॉन्क्सबद्दल थोडक्यात. मारुतीच्याच बलेनो या हॅचबॅकच्या सांगाड्यावर ती उभी आहे. दोन चाकांमधलं अंतर दोन्हींत २५२०, डिकी बलेनोची ३१८ लिटर आणि फ्रॉन्क्सची ३०८. जमिनीपासूनची उंची मात्र बलेनोपेक्षा चांगली, १९० मिलिमीटर. खेड्याकडच्या रस्त्याला ही उंची उपयोगी पडते, यात वाद नाही. पण फ्रॉन्क्स आणि नेक्सॉन यांच्यात अडकलेल्या माणसाने आधी बलेनो आणि ह्युंदाईची आय-ट्वेंटी बघून याव्यात, असं मला ठामपणे वाटतं. टाटाची पंचही तशीच. लांबीने ती मारुतीच्या स्विफ्टच्या आसपासचीच आहे. तिची सरळ स्पर्धक ह्युंदाईची एक्स्टर, आणि त्याखालोखाल स्विफ्ट.

ह्युंदाईच्या व्हेन्यूचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तिच्या साध्या १.२ पेट्रोलमध्ये साधारण ११४ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, मिळतो, आणि तेच इंजिन त्याच कंपनीच्या एक्स्टरमध्ये आहे. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या, व्हेन्यूत तोच आकडा १७२ होतो. मुंबईहून परतताना पाच माणसं आणि सामान घेऊन कसारा घाट चढला आहात ना? ट्रकच्या मागे वेग पडतो, मग ओव्हरटेकसाठी दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, आणि साधं १.२ इंजिन तिथे दम खातं. टर्बो किंवा डिझेल गाडी तिथे सहज ओढते. त्यामुळे साध्या व्हेन्यूची स्पर्धक एक्स्टर आहे आणि टर्बो व्हेन्यूची कायलॅक. मागे नाव एकच लिहिलेलं असलं तरी या दोन वेगळ्या गाड्या समजाव्यात. नेक्सॉनच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या मॉडेलच्या किमतीत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. 'नेक्सॉन विरुद्ध व्हेन्यू' असा सरसकट प्रश्न म्हणूनच मला अर्धवट वाटतो. कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, कुठलं मॉडेल, हे ठरल्याशिवाय तुलना सुरूच होत नाही.

ऑटोमॅटिक या एका शब्दाखाली तर तीन-चार निराळ्या गोष्टी विकल्या जातात. पंच, एक्स्टर, साधी फ्रॉन्क्स यांच्यात एएमटी असते, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं यंत्र करतं. ब्रेझा आणि कायलॅकमध्ये सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा, कमी झटके देणारा गिअरबॉक्स. टर्बो व्हेन्यूत दोन क्लचचा गिअरबॉक्स. आपल्या द्वारका चौकात संध्याकाळी सहा वाजता रोज अडकणाऱ्या माणसाने एएमटीची किंमत टॉर्क कन्व्हर्टरशी ताडून बघू नये. ज्यांचं जाणं-येणं इगतपुरीहून समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत असतं, त्यांचा विचार आणखी वेगळा हवा. ५ जून २०२५ ला हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि तिथे सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे घाट टळतो. पण वेगमर्यादा मोटारींना १२० पर्यंत. तिथे गाडीचा स्थिरपणा आणि ब्रेक यांचं महत्त्व वाढतं.

डिझेलवाल्यांचं काम सोपं आहे. निफाड, दिंडोरीकडून ज्यांचं वर्षभर लांबवर फिरणं असतं, त्यांच्यापुढे चार मीटरच्या आत मोजकेच पर्याय उरले आहेत : नेक्सॉन, कियाची सोनेट, व्हेन्यू, थ्री एक्स ओ, आणि वेगळ्या बांधणीच्या थार, बोलेरो, बोलेरो निओ. मारुतीने २०२० मध्येच डिझेल सोडलं. त्यामुळे डिझेल ठरलं की ब्रेझा, फ्रॉन्क्स, कायलॅक यांचा विचार करण्यात वेळ घालवू नका.

सुरक्षिततेबद्दल मी तडजोड मानत नाही. नेक्सॉन, थ्री एक्स ओ, कायलॅक या तिन्हींना भारत एनकॅपचे, म्हणजे आपल्याकडच्या अपघात-चाचणीचे, पाच तारे आहेत, म्हणून या तिघींत हा मुद्दा निर्णायक राहत नाही. यादीतल्या दुसऱ्या गाडीला तारे किती, चाचणीच झालेली नसेल तर का, हे विक्रेत्याला जरूर विचारा.

किंमत नेहमी ऑन-रोडच, म्हणजे रस्ता कर, विमा, नोंदणी धरून होणारी, धरा. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रस्ता कर, त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२. डिझेलला १३ आणि १४. वरचा दर पूर्ण किमतीवर लागतो. म्हणजे ९ लाख ९० हजारांची पेट्रोल गाडी आणि १० लाख १० हजारांची पेट्रोल गाडी यांच्या रस्ता करातच बारा हजारांहून जास्त फरक पडतो.

शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, ब्रेझा की नेक्सॉन? गाडी मुख्यतः गावात चालणार, ऑटोमॅटिक हवी आणि चार सिलिंडरचं शांत इंजिन आवडत असेल, तर ब्रेझा बघा, पण तिच्या शेजारी कायलॅकचं ऑटोमॅटिक ठेवून बघा, कारण त्या कामासाठी तिची खरी स्पर्धक तीच आहे. सीएनजी हवा असेल तर नेक्सॉन आणि ब्रेझा खरंच समोरासमोर येतात. नेक्सॉनचं सीएनजी इंजिन टर्बोचं, ब्रेझाचं साधं. टाटा दोन छोट्या टाक्या खाली बसवते, त्यामुळे नेक्सॉनच्या डिकीत ३२१ लिटर जागा उरते; एकच मोठी टाकी डिकीत आली की बॅगा मांडीवर येतात. दोन्ही गाड्या एकाच दिवशी मागवा, घरातली सगळी माणसं बसवा, नेहमीच्या बॅगा डिकीत टाका, आणि नेमक्या त्याच दोन मॉडेलची ऑन-रोड किंमत लेखी घ्या.