खुडूक कोंबडी आणि लाईटीवरची पेटी

नमस्कार मंडळी, जेवणं झाली का? आज बोलायचंय घरच्या घरी अंडी उबवण्याबद्दल, खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू बघणाऱ्या कोंबडीखाली पण आणि इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे लाईटीवरच्या पेटीत पण. पहिलं लक्षात ठेवा, 21 दिवस. कोंबडी असो नाहीतर मशीन, 21 दिवस. आणि किराणा दुकानातली अंडी ठेवू नका, त्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा बघितलेला नसतो, पिल्लू येणार कुठून? तीच अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून विकणारे आहेत आणि डबल पैसे मोजून घेणारे शहाणे पण आहेत, असो. आठ-दहा कोंबड्यांत एक कोंबडा पाहिजे, अंडी आठवड्याच्या आतली, आणि ती धुवायची नाहीत.

आता शिराळ्याकडची गंमत सांगतो. माझ्या भाच्यानं पन्नास अंड्यांची पेटी आणली, आपोआप अंडी फिरवणारी, वर आकडे दाखवणारी, दिवसभर हा तिच्यासमोर बसून, टीव्ही बघितल्यासारखा. त्याच घरात आजीची एक कोंबडी खुडूक झालेली. आजीला तिला बसवायचं नव्हतं, म्हणून अंडी काढून घेतली, पाण्यात बुडवून काढली, डालग्याखाली कोंडली, पण ती काय ऐकेना, सरळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या कांद्यांवर जाऊन बसली. कांदे उबवायला! कांदा घ्यायला हात घातला की टोचायची, त्यामुळं सूनबाईंनी बिनकांद्याच्या भाज्या सुरू केल्या, आणि सासऱ्यांचं जेवताना तोंड वाकडं.

आणि झाला वळीव. सोळावा दिवस होता, डीपी उडाली, गावभर अंधार. रात्री भाच्याचा फोन, मामा आता काय करू? मी म्हटलं, झाकण उघडू नकोस, पेटीवर गोधडी टाक, सोळा दिवसांचं पिल्लू स्वतःची थोडी ऊब धरतं, दोन-चार तास निभावतात. पण सकाळी पण वायरमनचा पत्ता नाही, वायरमनला फोन लागणं हे लग्न जमण्यापेक्षा अवघड झालंय हल्ली. शेवटी आजी उठली, एका हातानं कोंबडी उचलली, दुसऱ्या हातानं कांदे बाजूला सारले आणि पाटीत बारा अंडी ठेवून वर तिला सोडली. बाई पंख फुगवून अशी बसली की जणू पहिल्यापासून अंडीच होती. भाचा थर्मामीटर घेऊन आला, तिच्या पोटाखाली घालायला, तर तिनं मनगटाला असा टोचा मारला की थर्मामीटर चुलीपाशी. आजी म्हणाली, "लेका, तिला काय आकडा विचारतोस, तिच्या आईनं विचारला होता का?"

राहिलेली अंडी पेटीतच, गरम पाण्याच्या बाटल्या बदलत बदलत. लाईट आली दुसऱ्या दिवशी. कोंबडीखाली बारातली अकरा फुटली, पेटीत जवळपास चाळीसातली नऊ, ती पण उशिरा. मग आजीनं रात्री अंधारात ती नऊ पण हळूच तिच्या पंखाखाली सरकवली, आणि सकाळी बाईसाहेब वीस पिल्लं घेऊन अंगणात! सूनबाई आधी कांद्याकडं धावल्या.

वेळ कमी राहिलाय, भराभर सांगतो. पंखावाली पेटी असेल तर साडेसदतीस डिग्री, साडेसदतीस, एखाद्या डिग्रीनं वर गेली तरी पिल्लं दगावतात. अंडी दिवसातून तीन-चारदा फिरवायची, 18 व्या दिवसापर्यंतच, मग हात लावायचा नाही. दमटपणा आधी 50-55 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 च्या वर, म्हणजे ताटलीत पाणी कमी पडू द्यायचं नाही. सातव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून बघा, आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठीक, नुसतं पिवळं दिसलं तर काढून टाका. कोंबडीला दहा-बारा अंडी बास, रात्री बसवा, पाटीत खाली राख, वर गवत, पिसवा होत नाहीत. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं खायला उठते, घाबरू नका, हुसकावू पण नका.

पिल्लू निघालं की पहिल्या दिवशी खायची घाई नाही, पोटात बलक असतो. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस मात्र चुकवू नका, लासोटा नावाची, सातव्या दिवशी, डोळ्यात एक थेंब, आणि बाटली जनावरांच्या दवाखान्यातून बर्फातच आणायची, खिशात घालून नाही. पुढच्या वेळी शेळीच्या गोचिडांवर बोलू, नमस्कार.