डिसेंबरातला दर्या: पेडण्याच्या किनाऱ्यावरची घरं

नमस्कार मंडळी. आज आपण आलोय पेडणे तालुक्यात, गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल, केरी असा हा किनारा वर वर जात राहतो, आणि केरीला तेरेखोल नदी दर्याला मिळते. फेरीत बसून पलीकडे गेलात की तेरेखोलचा छोटासा तुकडा गोव्याचाच, आणि त्याच्यापुढे सिंधुदुर्ग सुरू.

गोव्याचा पावसाळा तुम्ही खूप बघितला असेल, व्हिडिओत तर बघितलाच असेल. पण आज जे सांगायचंय ते पावसाळ्यातलं नाही, डिसेंबरातलं आहे. थंडी पडलेली, सकाळी डोंगराकडून मतलई वारा सुटलेला, दर्या एकदम शांत, तळ्यासारखा, आणि अशा वेळी वादळ आलं तर इथल्या घरात नेमकं काय होतं ते मला दाखवायचंय. कारण बातम्यांत शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची झोपडीवजा हॉटेलं दिसतात, मोडलेल्या खुर्च्या दिसतात, घर दिसत नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या. इथलं घर जूनसाठी तयार असतं. मे महिन्यात कौलं परतून होतात, पडवीला झावळ्यांचा आडोसा बांधला जातो, लाकडं चिरून माळ्यावर किंवा गोठ्याच्या कडेला कोरडी रचलेली असतात, सुके बांगडे, सुकी सुंगटं, कोकम, मीठ सगळं डब्यात बरणीत बंद. होड्या वर ओढून झाकलेल्या असतात, जून-जुलैत मासेमारीला बंदीच असते. म्हणजे दर्या खवळायच्या आधी माणसं आत आणि सामान पण आत.

डिसेंबरात सगळं उलटं असतं. सगळं बाहेर असतं हो! खळ्यात उकडलेलं भात सुकत पडलेलं, गवताची उडवी उघड्यावर, लाकडं उघड्यावर, जाळी रेतीवर पसरलेली, होड्या पाण्याच्या काठाला म्हणजे पहाटे ढकलायला सोप्या. घरामागच्या रेताड जमिनीत मिरची, मुळा, तांबडी भाजी, अळसांदे नुकते वर आलेले. जत्रांचे दिवस, रात्री दशावतारी काला, त्यामुळे अर्धा वाडा देवळाकडे. आणि टुरिस्टचा सीझन, म्हणजे घरातली एक खोली भाड्याने दिलेली, त्यात पाहुणे. घराचा पसारा जास्तीत जास्त ज्या महिन्यात असतो ना, तोच हा महिना.

अरबी समुद्रात वादळं वर्षातून दोनदा होतात, एकदा पावसाळ्याच्या आधी मे-जूनमध्ये आणि एकदा पावसाळा गेल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. 2009 च्या नोव्हेंबरात फयान आलं होतं, ते 11 तारखेला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढलं, त्याचं नाव काढलं की कोकणातल्या मच्छीमार घरात अजून सगळे गप्प होतात. आणि मग 2017 चं ओखी. मी आज ओखीबद्दलच जास्त बोलणार आहे कारण घरात पाणी कसं शिरतं ते त्यातून नीट कळतं.

ओखी 30 नोव्हेंबरच्या सुमाराला कन्याकुमारीजवळ तयार झालं, लक्षद्वीपवरून गेलं, मग उत्तरेकडे वळलं आणि 5 डिसेंबरच्या रात्री गुजरातेत सुरतेच्या बाजूला पोचेपर्यंत त्यातली ताकद संपलेली होती. केरळ आणि तामिळनाडूत मात्र त्याने फार माणसं नेली, समुद्रात गेलेले कितीतरी मच्छीमार परत आलेच नाहीत. ते दुःख त्या किनाऱ्याचं आहे आणि आपण इथे नुकसानीच्या गोष्टी करताना ते विसरायचं नाही असं मला मनापासून वाटतं. गोव्याला ते वादळ थेट लागलं नाही, खूप लांबून गेलं. वारा असा घर हलवणारा नव्हता. आणि तरी दर्या आत आला.

कसा काय? तर वादळाच्या मधोमध जो जबरदस्त वारा असतो तो पाण्यात मोठ्या लांब लाटा तयार करतो, आणि त्या लाटा वादळाच्या पुढे निघून शेकडो किलोमीटर प्रवास करतात. वादळ तिकडे असतं आणि लाट इथे पोचलेली असते. वर आभाळ बघून काही कळत नाही. हैदराबादची इन्कॉइस संस्था ह्या लाटांचा इशारा देते, हवामान खातं देतं, बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागतो, होडीवाल्यांना मेसेज जातो. पण घरात बसलेल्या बाईने खिडकीतून बघितलं तर तिला नेहमीचीच संध्याकाळ दिसते.

आणि तारीख बघा कुठली होती. 3 डिसेंबर 2017, रविवार. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताचे दिवस, आमच्याकडे गोंयच्या सायबाचं फेस्त म्हणतात, त्यामुळे माणसांची रीघ तिकडे लागलेली. त्याच दिवशी दत्तजयंती, साखळीच्या दत्त मंदिरात गर्दी, घरोघरी संध्याकाळी दत्तजन्म, सुंठवडा. दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा, आणि पौर्णिमा म्हणजे उधाणाची भरती. त्यातून त्या दिवशी सुपरमून, चंद्र पृथ्वीच्या जवळ, म्हणजे भरती आणखी चढलेली.

जुन्या लोकांचा हिशेब साधा असतो, तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. थोडं पुढेमागे. दिवसा एकदा आणि रात्री एकदा. म्हणजे त्या रविवारी रात्री जेवणं उरकून, दिवसभराच्या गर्दीतून दमून आलेली माणसं आडवी पडली, आणि त्याच वेळेला पूर्ण भरती, आणि तिच्या पाठीवर बसून आलेल्या ओखीच्या लाटा.

केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी, सगळीकडे पाणी शॅकमध्ये शिरलं, खाटा, टेबलं, काही ठिकाणी आख्खे प्लॅटफॉर्म उचलले गेले. ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल.

आता घर बघू. हे माझ्या मावशीचं घर, मोरजीच्या बाजूला, किनाऱ्यापासून थोडं आत. पुढे रेतीचा उंचवटा आहे, माड आहेत, म्हणून समोरून दर्या येईल ही भीती कोणाला नव्हती. पाणी आलं मागून. परसाच्या मागे एक ओहोळ आहे, तो खाडीला जोडलेला, पावसाचं पाणी त्यातूनच बाहेर जातं. दर्याची पातळी वर चढली की ओहोळ उलटा वाहायला लागतो. मावशीला पहिल्यांदा आवाज आला तो कोंबड्यांचा, मग गोठ्यातली गाय उठून उभी राहिली, काका टॉर्च घेऊन मागे गेले आणि तिथूनच ओरडले, "गो, भात उचल आधी!"

भात उचल आधी. टीव्ही नाही, फ्रिज नाही, भात. खळ्यात ताडपत्रीवर पसरलेलं उकडं भात, वर्षाचं खाणं. शेजारच्या दोन वहिनी धावत आल्या, चौघांनी ताडपत्रीची चार टोकं धरून ते पडवीवर चढवलं. भाड्याच्या खोलीतलं परदेशी जोडपं पण उठून आलं, त्यांना भाषा येत नव्हती पण कुठलं टोक धरायचं ते बरोबर कळलं. पाणी घोट्याच्या वर नाही आलं, दोनेक तासात ओसरलं पण. ऐकताना वाटतं, मग झालं काय एवढं?

झालं ते विहिरीत. आणि इथे मला जरा थांबायचंय, कारण किनाऱ्यावरच्या घराचं खरं नुकसान इथे असतं आणि ते फोटोत येत नाही. रेताड जमिनीतली विहीर म्हणजे काय, तर खाली खारं पाणी असतं आणि त्याच्यावर पावसाचं गोडं पाणी तरंगत असतं, गोडं पाणी हलकं असतं म्हणून. तो गोड्या पाण्याचा थर काही फार जाड नसतो, पण शतकानुशतकं माणसं त्यावर जगलीत. मावशीच्या विहिरीचा कठडा गुडघ्याएवढा पण नव्हता, आणि मागच्या अंगाला एक चिरा निखळलेला, तिथून खारं पाणी आत गेलं.

सकाळी तिने घागर ओढली, ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकलं. मग चहा नाही. अंघोळीला साबणाला फेस नाही. डाळ चुलीवर ठेवली तर दोन तास झाले तरी डाळ काही शिजेना, खाऱ्या पाण्यात ती शिजतच नाही. रात्री सवयीने भरून ठेवलेली दोन कळशा पाणी होतं, त्यातलं एक पेजेला आणि एक प्यायला. त्या दिवशी घरात उकड्या तांदळाची पेज, भाजलेला सुका बांगडा आणि लोणच्याची फोड, बस, पाहुण्यांना पण तेच. लाकडं भिजलेली, म्हणून चूल माडाच्या सोडणांवर पेटवली, ती आत सुरक्षित होती. गॅस होता हो, पण पेज चुलीवरच करायची तिची सवय, आणि सिलिंडर संपला तर दुसरा कधी येईल ते कोणाला माहीत.

विहीर साफ करायची तर पंप लावून उपसून टाकायची असं आपल्याला वाटतं. तसं करायचं नसतं. एकदम उपसली की वरचा गोडा थर निघून जातो आणि खालचं खारं पाणी वर खेचलं जातं, विहीर आणखी बिघडते. थोडं काढायचं, थांबायचं, झरे भरू द्यायचे, परत थोडं काढायचं. काकांनी रहाटानेच काढलं, सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं. ते पाणी भाजीला घालता येत नाही, लांब नेऊन ओतावं लागतं. मिरचीची रोपं तशीच गेली, खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपल्या आणि मुळाशी मीठ बसलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, पाऊस शिंपडला. डिसेंबरातला पाऊस इथे कोणालाच नको असतो. काजू-आंब्याला मोहोर धरायचे हे दिवस. आगरवाड्याच्या मिठागरात नुकती जमीन चोपून कोंडी तयार करायला घेतलेली असतात, त्यात गोडं पाणी आणि चिखल गेला की मीठ पुढे ढकललं जातं. आणि खाजन शेती, म्हणजे खाडीच्या बाजूची बांध घालून राखलेली शेती, तिथे मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवायच्या झडपेची दारं भरतीला बंद आणि ओहोटीला उघडी असं चालतं, पण उधाणात बांधावरून पाणी गेलं किंवा बांधाला खेकड्यांनी पाडलेल्या भोकातून गळायला लागलं, की रात्री माती आणि गवत घेऊन माणसं उभी. हे काम बांध राखणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या केलंय. आजही जिथे बांध चांगला राखलाय तिथली शेतं वाचतात आणि जिथे दुर्लक्ष झालं तिथे शेत खारं होऊन पडीक पडतं, आणि माझ्या मते किनाऱ्याच्या संरक्षणावर बोलताना सगळ्यात आधी ह्या बांधांवर बोललं पाहिजे, दगडी भिंतींवर नंतर.

ज्यांच्या घरचं माणूस होडीवर असतं त्यांचं तर वेगळंच. किनारा सोडून दर्यात थोडं आत गेलं की मोबाईलची रेंज जाते. घरी बाई फोन लावत राहते, रेकॉर्ड केलेला आवाज ऐकत राहते. ओखीच्या वेळी केरळ-तामिळनाडूच्या 68 बोटी आणि 952 मच्छीमार सिंधुदुर्गात देवगडच्या बाजूला सुखरूप लागले होते, आपल्या शेजारीच. त्या प्रत्येकाच्या घरी, तिकडे लांब, कोणीतरी असाच फोन लावत असणार. इकडे आलेल्यांना जेवण, कपडे, हे किनाऱ्यावरच्या लोकांनी बघितलं, मच्छीमाराला मच्छीमाराचं कळतं.

मोरजीत अजून एक बाब असते. नोव्हेंबर-डिसेंबरपासून इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वनखात्याची माणसं घरट्याला कुंपण करून राखतात. अशा लाटा आल्या की रेतीच कापली जाते. पोरं सकाळी उठून आधी ते बघायला गेली होती.

नंतरच्या दिवसांत मासळी नव्हती, जी होती ती महाग. वाड्यावरची जाळी रेतीतून उकरून काढायला, त्यातली लाकडं, प्लास्टिक, शॅकच्या फळ्या सोडवायला पुरुष-बायका सगळे बसले, आणि फाटलेलं जाळं विणायला जास्त वेळ लागतो की नवं घ्यायला जास्त पैसे लागतात ह्यावरून प्रत्येक घरात बोलणी झाली असतील. पुढे पौषात धालोचा, म्हणजे बायकांच्या नाचगाण्यांचा मांड नेहमीसारखा सारवला गेला, बायका नाचल्या, त्यांच्या बोलण्यात विहिरींचाच विषय होता, कोणाची सुधारली, कोणाची नाही.

मावशीच्या विहिरीचं पाणी शिमग्यापर्यंत मचूळच होतं. तोवर प्यायला नळाचं, आणि नळ नाही आला तर वरच्या वाड्यावरून डोक्यावर. जूनचे पहिले चांगले पाऊस झाल्यावर ते हळूहळू गोड झालं. त्याच वर्षी काकांनी कठडा कमरेएवढा बांधून घेतला, निखळलेल्या चिऱ्याच्या जागी सिमेंट भरलं, ओहोळाच्या बाजूला मातीचा बांध घातला, आणि वाड्यावरच्या आणखी दोन घरांनी बघून तसंच केलं. आता डिसेंबरात बावट्याची बातमी आली आणि पौर्णिमा-अमावास्या जवळ असली की मावशी कळशा भरते, भात पडवीवर घेते, लाकडं आत टाकते, आणि शेजारी हाक मारून सांगते, "वहिनी, आज रात्री सव्वाअकराला भरती हां, विहिरीवर झाकण घाल."