सुप्यात जळलेली खतं

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, सावकारांचं आणि बाजारपेठेचं गाव. आसपासच्या खेड्यांतले कुणबी सावकारांच्या दारात जमले आणि कागद मागू लागले. कर्जखतं, रोखे, हिशेबाच्या वह्या. हाती लागलं ते जाळलं. दुकानं लुटली गेली, काही घरंही पेटली. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरलं, तेव्हाही मागणी तीच: खतं काढा. सावकाराने ती निमूट दिली, तर त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावत नसे.

कागदावर एवढा राग?

खताखाली कुणब्याची सही म्हणजे नांगराची निशाणी. वर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नसे. समन्स निघे, कोर्ट लांब, वकिलाला पैसे कुठले? तो हजर नाही म्हणून निकाल एकतर्फी. मग हुकूमनामा, मग जप्ती. यात मुनसफाने, म्हणजे दिवाणी न्यायाधीशाने, लाच खाल्ली पाहिजे असंही नव्हतं. तो कायद्याप्रमाणेच चालत होता, आणि खरी मेख तिथेच आहे.

१८५९ चा मुदतीचा कायदा घ्या. कर्जखत तीनच वर्षं चालेल, म्हणजे व्याज साचणार नाही, असा त्याचा हिशेब. सावकार दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घेऊ लागला.

बरं, कर्ज कशाला? बऱ्याचदा शेतसारा भरायला. तो रोख द्यायचा, ठरल्या हप्त्याला. अमेरिकेतल्या यादवीत कापसाला भाव आला तेव्हा सावकारांनी हात सैल सोडला होता. १८६५ ला यादवी संपली, भाव पडले, उधारी आटली. आणि १८६७ च्या सुमाराला फेरआकारणीत सारा वाढला, काही ठिकाणी ५० ते १०० टक्के.

दंग्यानंतर चौकशी आयोग बसला. त्याने बोट दाखवलं सावकाराकडे. साऱ्याच्या मागणीला त्याने दोष दिला नाही. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती होतं ते कोर्टाला तपासता येऊ लागलं. सुप्याच्या कुणब्यांना हे चार वर्षं आधीच कळलं होतं म्हणायचं.

साऱ्याचं काय? त्याचाही कायदा झाला होता, दंग्यानंतर वर्षभरातच. १८७६ च्या मुंबई महसूल अधिकारिता कायद्याने ठरवलं: सरकारने आकारलेला सारा जास्त आहे, अशी तक्रार दिवाणी कोर्टाने ऐकायचीच नाही.